पट ३० सप्टेंबरला मोजतात

जूनमध्ये शाळा भरली की आपल्याकडे एकच विचारणा सुरू होते, "यंदा पट किती?" धामापूर घ्या, काळसे-चौके घ्या, खाली तारकर्ली-देवबाग घ्या, विषय तोच. वाडीत मुलंच कमी आहेत हे खरं. तरणी माणसं मुंबई-गोव्याला पोटापाण्यासाठी गेली, त्याला कोण काय करणार? पण जी मुलं गावात आहेत, त्यातली किती सकाळी गाडीत बसून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात, तेही एकदा मोजा.

आईबापांना मी दोष देत नाही. "मास्तर येकच, पोरांक शिकवतलो कोण?" हा प्रश्न खोटा नाही. एकच गुरुजी पहिलीला अक्षरं गिरवायला बसवतात, चौथीला भागाकार घालतात, तेवढ्यात कुठली तरी ऑनलाइन माहिती आजच भरायची असते आणि पोषण आहाराचे तांदूळ मोजून द्यायचे असतात. पण यातली मेख लक्षात घ्या. शिक्षकांची संख्या पटावर ठरते आणि तो पट ३० सप्टेंबरचा धरतात. शिक्षक कमी म्हणून आपण मुलं काढतो, मुलं कमी म्हणून शिक्षक जातो. आधी कोणी थांबायचं? आपणच थांबावं असं मला वाटतं, कारण शासन थांबणार नाही. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले होते. दाखले होते पानशेत आणि तोरणमाळचे. तिथे जमलं असेलही. आपल्या वाड्या पसरलेल्या, मध्ये व्हाळ, त्यावर साकव, आणि जुलैचा पाऊस. सहा वर्षांच्या मुलाला त्या पावसात दुसऱ्या गावच्या शाळेत कोण पोचवणार, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच बोललं पाहिजे.

बोलायची जागाही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा, आणि निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा करणं हे या समितीचं काम. प्रत्यक्षात काय होतं? वही घरी येते, उभ्या उभ्या सही होते, संपलं. त्याच कायद्यात साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक सांगितलेत आणि पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असं नियम सांगतो. हे सभेत मांडा, ठराव लिहून घ्या, पोच ठेवा. इंग्रजीसाठीच मूल बाहेर जात असेल तर सेमी इंग्रजीची मागणी करा. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत ते चालतं. मुलाचं आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळतं का, तेही आत्ताच बघून घ्या. एका वेलांटीपायी वर्गात बसलेलं पोर मोजणीतून गळू शकतं.

चाकरमान्यांनो, तुम्हालाही दोन शब्द. चतुर्थीला येता तेव्हा शाळेसाठी हात सैल सोडता, त्याबद्दल गाव ऋणी आहे. पण देणगीदाराच्या नावाची कमान आधी आणि मुलींच्या शौचालयात पाणी नंतर, ही आपली रीत आता पुरे. काय हवं ते समितीला विचारून द्या.

शिकवण्यासारखं तर दारातच पडलंय. १५३० मध्ये नागेश देसाई यांनी बांधलेला धामापूरचा तलाव. २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून त्याला मान मिळाला. बाहेरची माणसं तो बघायला येतात. क्षेत्रफळ, पाऊस, बांध, पक्षी हे सगळं आपल्या पोरांना त्याच्या काठावर शिकता येईल. त्यासाठी मुलांना सांभाळायला गुरुजींबरोबर दोन पालक लागतील. गुरुजींना तसं कळवा, आणि पुढची सभा कधी ते विचारून या. सभेला गेलात की मागच्या इतिवृत्ताची वही आधी मागून घ्या.