वाचणाऱ्यामुळेही कोंडी होते!



ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात रीडर-रायटरचा प्रश्न हमखास येतो. मुलं पाठ केलेलं उत्तर लिहितात: एकाच वेळी कितीही जण वाचू शकतात, लिहिणारा मात्र एकटाच. मार्क मिळतात. पण माझं स्पष्ट मत आहे की इथेच थांबणं म्हणजे अर्धवट शिकवणं. वाचण्याने कोणाचं काही अडत नाही, असा यातून मुलांचा पक्का समज होतो. मीही बरीच वर्षं असंच शिकवलं.

शिक्षक खोलीतली वेळापत्रकाची वही घ्या. तीन-चार जण ती पाहतायत, बदल करायला आलेल्या बाई थांबल्यात. वाचणारे येतच राहिले तर बाईंचा नंबर लागायचाच नाही. म्हणून नियम केला: लिहिणारा रांगेत असेल तर नव्या वाचकाने त्याच्या मागे थांबायचं. रास्त आहे. आता समजा, वही पाहत असलेल्या सरांनी पहिली परवानगी न सोडताच दुसऱ्यांदा परवानगी मागितली. नियमाप्रमाणे ते बाईंच्या मागे. आणि बाई थांबल्यात सरांची पहिली परवानगी सुटायला. झाली कोंडी!

"पण सर, दोनदा कोण मागेल?" एका विद्यार्थिनीने विचारलं. मुद्दाम कोणीच नाही मागत. कर्नलमध्ये एक फंक्शन रीड लॉक घेतं, दुसऱ्याला बोलावतं, ते तिसऱ्याला, आणि तिसरं तोच लॉक पुन्हा घेतं. लिहिणारा नेमका मधल्या क्षणी टपकला तरच डेडलॉक होतो, म्हणून चाचणीत सगळं सुरळीत दिसतं.

2014 मध्ये लिनक्सच्या आर-डब्ल्यू-लॉकला अशी रांग आली, तेव्हा इंटरप्टमधल्या वाचकाला सूट ठेवली. कारण वर्गात सांगण्यासारखं आहे. इंटरप्टने ज्याला मध्येच थांबवलं, त्याच्याच हातात कदाचित रीड लॉक असेल. इंटरप्ट रांगेत उभा राहिला तर तो बिचारा लॉक सोडणार कधी? तसंच, लिनक्सच्या रीड-राइट सेमाफोरमध्ये लिहिणाऱ्याला वाचक होता येतं, पण वाचकाला लॉक न सोडता लिहिणारा होता येत नाही. दोन वाचकांनी एकदम तसा हट्ट धरला तर दोघंही एकमेकांच्या जाण्याची वाट बघत बसतील.

2006 पासून लिनक्समध्ये लॉकडेप आहे. लॉक कोणत्या क्रमाने घेतले जातात ते तो टिपतो आणि प्रत्यक्ष कोंडी होण्याआधीच धोका दाखवतो. पुन्हा पुन्हा घेतलेल्या रीड लॉकमुळे होणारी कोंडी ओळखण्याची नीट सोय मात्र त्यात 2020 मध्ये झाली. जाणकारांनाही चौदा वर्षं लागली, आणि आपण तो धडा एका तासात उरकतो!

पुढच्या चाचणीत मी व्याख्या विचारणार नाही. एकमेकांना बोलावणारी तीन फंक्शनं देईन आणि लिहिणारा कुठे आला तर सगळं अडकेल, तिथे खूण करायला सांगेन. पालकहो, या वेळी मार्क थोडे कमी दिसले तर मुलांना रागावू नका, मला फोन करा.