मास्तर बदला!

हंगाम वाईट गेला की फुटबॉलच्या चाहत्यांना एकच औषध आठवतं. कोच बदला! आमच्या घरात तीन मँचेस्टर युनायटेडवाले आहेत, दोन पुतणे आणि एक नातू. गेली बारा-तेरा वर्षं ते हेच औषध सुचवताहेत आणि दर वेळी ते दिलंही जातंय. रोगी मात्र अंथरुणातच. तरी नव्या कोचचं नाव निघालं की तिघांच्या डोळ्यांत पुन्हा चमक येते. म्हणून ठरवलं, एकदा सविस्तर लिहून टाकू. घरच्यांनी रागावू नये. रागवायचंच असेल तर पूर्ण वाचून मग रागवा. :)

माझं म्हणणं थोडक्यात असं. कोच हा क्लबातला सगळ्यात सोयीचा बळी असतो. खेळाडू पंचवीस, त्यांचे करार तीन-चार वर्षांचे, ते एका दिवसात बदलता येत नाहीत. मालक तर स्वतःला बदलणार नाही. खेळाडू कुणी विकत घ्यायचे हे ठरवणारे साहेब लोक काचेच्या खोलीत बसतात, त्यांचे चेहरेही आपल्याला माहीत नसतात. उरतो तो मैदानाच्या कडेला पावसात उभा असलेला एक माणूस. त्याला काढला की सगळ्यांना वाटतं, काहीतरी केलं. आणि 'काढा, काढा' म्हणून ओरडणारा चाहता नकळत ज्यांच्यामुळे हे सगळं झालं त्यांचंच काम सोपं करून देतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हेच.

आता युनायटेडचंच बघा. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन २०१३ साली निवृत्त झाले. त्यानंतर डेव्हिड मॉयेस आले, वर्ष पुरं व्हायच्या आत गेले. लुई व्हान खाल यांनी २०१६ साली एफए कप जिंकला आणि दोनच दिवसांत त्यांना नारळ मिळाला. मोरिन्यो यांनी २०१७ मध्ये दोन करंडक आणले, पुढच्या हंगामात दुसरा क्रमांक मिळवला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये तेही गेले. मग सोल्शर, तेही नोव्हेंबर २०२१ मध्ये गेले. पण या चौघांच्या हकालपट्ट्या ज्यांच्या कारकिर्दीत झाल्या ते कारभारी एकच होते, एड वुडवर्ड. ते मूळचे गुंतवणूक बँकेतले. पोरांनो, चार कोच तुम्ही दूषणं देऊन घालवलेत. या एका माणसाचं नाव तुमच्या तोंडून मी फार क्वचित ऐकलं.

पुढचं तर आणखी गमतीचं. एरिक टेन हाग यांनी मे २०२४ मध्ये एफए कप जिंकला. लीगमध्ये मात्र संघ आठवा होता. क्लबाने उन्हाळाभर विचार केला, त्यांचा करार वाढवला, आणि ऑक्टोबर संपायच्या आत त्यांना काढून टाकलं. म्हणजे करार वाढवल्याचा भुर्दंड वेगळा आणि काढल्याची भरपाई वेगळी. मग रूबेन अमोरिम आले. त्यांची पद्धत पाठीमागे तीन बचावपटू ठेवून खेळायची. हाताशी असलेले खेळाडू मात्र चार बचावपटूंच्या पद्धतीसाठी जमवलेले. २०२४-२५ च्या हंगामात संघ पंधरावा आला, गुण ४२. जानेवारी २०२६ मध्ये अमोरिमनाही निरोप देण्यात आला.

यात एक साधी गोष्ट आहे, ती लक्षात येत नाही याचं मला नवल वाटतं. कोच जातो, पण त्याने मागवलेलं सामान घरातच राहतं. टेन हाग यांच्यासाठी त्यांच्या जुन्या क्लबातून, आयाक्समधून, अँटनी नावाचा खेळाडू २०२२ मध्ये आठ कोटी पौंडांहून जास्त पैसे मोजून आणला. टेन हाग गेले, अँटनी राहिला. मग तो उसना दिला आणि २०२५ मध्ये मूळ किमतीच्या साधारण पाव किमतीला विकून टाकला. दर कोचमागे असे दोन-चार खेळाडू शिल्लक राहतात. एकाला वेगाने धावणारे हवे असतात, दुसऱ्याला चेंडू पायाशी ठेवणारे, तिसऱ्याला उंच. पाच सुना येऊन गेलेल्या घरातल्या मांडणीवर पाच तऱ्हांची भांडी असावीत आणि एकाचंही झाकण दुसऱ्याला बसू नये, तसा हा संघ झाला. त्यात तुम्ही म्हणता सहावी सून आणा.

शाळेत हे मी फार जवळून पाहिलं आहे. दहावीचा गणिताचा निकाल पडला की पालकांची मागणी ठरलेली, गणिताचे सर बदला. संस्थाचालकांनाही ती आवडायची, कारण सर बदलायला पैसे लागत नाहीत. पण मूल पाचवीतच अपूर्णांकात कच्चं राहिलेलं असायचं. सहावी, सातवी, आठवी तसंच ढकललेलं. वर्गात सत्तर मुलं, आणि दोन वर्षं गणिताची जागाच रिकामी. ती का भरली नाही, हे विचारायला कुणी पालक संस्थेच्या कचेरीत गेल्याचं मला आठवत नाही. दहावीचे सर समोर दिसतात, रिकामी जागा दिसत नाही, एवढंच.

आता माझे पुतणे म्हणणार, काका, चेल्सीचं काय? प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. चेल्सीने मार्च २०१२ मध्ये हंगामाच्या मध्येच कोच बदलला, आणि दी मातेओ यांनी मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा बदलला, टुकेल आले आणि मे मध्ये पुन्हा तोच करंडक. म्हणजे कोच बदलून फरक पडतो. पडतोच. पण केव्हा? घरात धान्य भरलेलं असतं आणि स्वयंपाकी चुकीचा असतो तेव्हा. दोन्ही वेळा चेल्सीकडे उत्तम खेळाडू होते. नव्या माणसाने आहे त्याचंच नीट जेवण केलं. कोठारच रिकामं असेल, किंवा भलतंच भरलेलं असेल, तर अन्नपूर्णा आणलीत तरी काय करणार? आणि हेही बघा, दी मातेओंना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काढून टाकलं. करंडक जिंकून सहा महिनेसुद्धा झाले होते म्हणा कसेबसे!

दुसरा भ्रम 'नवा आला आणि संघ जिंकायला लागला' हा. कोचला काढतात कधी? संघ ओळीने पाच-सहा सामने हरला की. आता कुठलाही संघ कायम हरत नाही. तळ गाठला की थोडंफार वर येणं आपोआप होतं. ताप उतरायच्या आदल्या दिवशी डॉक्टर बदलला तर यश नव्या डॉक्टरचं. फुटबॉलात हे दर वर्षी घडतं आणि दर वर्षी आपण नव्या डॉक्टरचा सत्कार करतो.

फर्ग्युसन यांचं उदाहरण संयमासाठी सगळेच देतात. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते आले, पहिली काही वर्षं यथातथा गेली. १९८९ च्या डिसेंबरात तर मैदानातच त्यांना निरोप देणारा फलक झळकला होता. त्या हंगामात संघ लीगमध्ये तेरावा आला, पण १९९० साली एफए कप मिळाला आणि पुढे १९९३ मध्ये, २६ वर्षांनी, लीगचं विजेतेपद. पण यातून 'नुसती वाट बघा' एवढाच बोध घेतला तर तोही कच्चाच. फर्ग्युसन यांनी त्या वाईट वर्षांत मुलांचे संघ नव्याने उभे केले, पोरं हेरणारी माणसं नेमली. १९९२ साली युवकांचा एफए कप जिंकणाऱ्या पोरांतून गिग्ज, बेकहॅम असे पुढचे खेळाडू मिळाले. वरिष्ठ संघ हरत होता तेव्हा खाली काहीतरी शिजत होतं, आणि ते चालकांना दिसत होतं. संयम आंधळा नव्हता. म्हणून हंगाम फसल्यावर विचारायचा प्रश्न 'कोच ठेवायचा की काढायचा' हा नाहीच. खाली काही शिजतंय का, हा आहे.

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे, आणि ते एकाच माणसाचं आहे. खालिद जमील.

जमील २००९ पासून मुंबई एफसीचे कोच होते. पैसा बेताचा, संघ साधा, पण दर वर्षी आय-लीगमध्ये टिकून राहायचा. विजेतेपद नाही म्हणून कुरकुर असायचीच. २०१६ मध्ये क्लबची आणि त्यांची फारकत झाली. ते गेले मिझोरममध्ये, ऐझॉल एफसीकडे. हा क्लब आदल्याच हंगामात खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्यातल्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. जमील यांनी मुंबईतून आपल्याबरोबर जयेश राणेसारखी एक-दोन पोरं नेली. २०१६-१७ च्या हंगामात ऐझॉल आय-लीग जिंकला, मोहन बागानसारख्यांना मागे टाकून. आणि मुंबई एफसी? त्याच हंगामात सगळ्यात शेवटी. मध्येच पुन्हा कोच बदलून पाहिला, उपयोग झाला नाही. संघ खालच्या श्रेणीत गेला आणि पुढे दिसेनासाच झाला. कुपरेजवर पिवळे सदरे घालून ओरडणाऱ्या पोरांना आता ओरडायला तो क्लबच उरला नाही.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे जमील जादूगार होते! थांबा. तोच माणूस ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संघाचा कोच झाला. सावियो मदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस त्या जागी पूर्णवेळ बसला, सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. आधी स्टीमाच यांना जून २०२४ मध्ये काढलं होतं, मग मार्केझ आले, तेही वर्षभरात गेले. आता आपला माणूस. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, सिंगापूरने आपल्याला २-१ असं हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. लगेच ओरड सुरू. जमील हटाव!

जमील २०१७ साली हुशार होते आणि २०२५ साली मठ्ठ झाले, असं तर नाही ना? माणूस तोच. मिझोरमची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अकरा लाखांच्याही आत, पण तिथे २०१२ पासून राज्याची स्वतःची लीग, गल्लीगल्लीत फुटबॉल, २०१४ ची संतोष ट्रॉफी त्यांचीच. जमिनीत ओल होती म्हणून बी रुजलं. आणि देशाच्या संघाचं? सुनील छेत्री जून २०२४ मध्ये निवृत्त झाला. मार्च २०२५ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, त्याला परत बोलवावं लागलं, कारण गोल करणारा दुसरा सापडेना. सापडणार कुठून? आपले क्लब आघाडीच्या जागेवर परदेशी खेळाडू घेतात, आपल्या पोरांना ती जागा शिकायला मिळतच नाही. त्यात फेडरेशन आणि व्यापारी भागीदार यांच्या कराराचा घोळ, त्यामुळे २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग नेहमीच्या वेळी सुरूच झाली नाही. खेळाडू महिनोन् महिने स्पर्धेच्या सामन्यांवाचून. हा करार वेळेवर का झाला नाही, हे विचारण्यासाठी 'हटाव'च्या निम्मा जरी आवाज उठला असता तरी मी टाळ्या वाजवल्या असत्या.

आणि असा आवाज उठवणारे चाहते असतात बरं का. २००५ साली ग्लेझर कुटुंबाने युनायटेड विकत घेतला तो बराचसा कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा मोठा भार क्लबाच्याच डोक्यावर ठेवला. तेव्हा काही चाहत्यांनी रागाने स्वतःचा वेगळा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. तिथे एका सभासदाला एक मत. २०१० मध्ये हजारो लोक हिरवे-सोनेरी मफलर घालून मैदानात आले, क्लबाच्या जन्माच्या वेळचे रंग म्हणून. मालक गेले नाहीत, हे खरं. पण त्या लोकांनी बोट योग्य ठिकाणी दाखवलं. काढलेल्या कोचला भरपाई मिळते, नवी नोकरीही मिळते. युनायटेडमध्ये २०२४ साली सुमारे अडीचशे साध्या नोकरदारांना काटकसरीच्या नावाखाली घरी बसवलं, पुढच्या वर्षी आणखी दीडशे-दोनशे जागा कमी करण्याचं जाहीर केलं. त्यांच्यासाठी आमच्या घरातून हूं की चूं नाही.

कोचने चुका केल्या तरी त्याला डोक्यावर घेऊन नाचा, असं मी म्हणत नाही. खेळाडूंना नीट वागवत नसेल, शिकवत नसेल, तर जरूर जावं त्याने. पण 'काढा' म्हणण्याआधी, त्याला आणला कुणी, त्याच्या हाती दिलं काय, आणि त्याच्यानंतर येणाऱ्याला वेगळं काय देणार, एवढं विचारा. याची उत्तरं मिळेपर्यंत नव्या नावांच्या याद्या करू नका. तुम्ही मध्यरात्री जागून सामने बघता, महागड्या जर्सी घेता, त्या क्लबात तुम्हाला मत नाही. तुमचा आवाज हीच काय ती तुमची मालमत्ता. ती मालकाच्या सोयीसाठी का उधळता?

असो. लांबलं जरा. नातवाने पुढच्या कोचसाठी तीन नावं काढून ठेवली आहेत असं सूनबाईंकडून कळलं. वरच्या प्रश्नांची उत्तरं घेऊन ये म्हणावं, मग नावं ऐकतो.