जुन्या यंत्राची विद्या

शाळा सोडून जाणाऱ्या मुलांचे पालक भेटले म्हणजे एक प्रश्न हटकून विचारतात. "पुण्यास मेनफ्रेम शिकविणारे वर्ग आहेत, पण तें यंत्र आतां जुनें झालें म्हणतात. मुलास घालावें कीं न घालावें?" आमच्या देऊळघाटांत हा प्रश्न कपाशीचे पैसे हातांत धरून विचारलेला असतो. तो हंसण्यावारी नेणें बरें नव्हे.

माझें मत असें कीं, अवश्य घालावें; मात्र तेथें काय शिकावयाचें तें आधीं समजून घ्यावें.

मेनफ्रेमवर माहिती सांठविण्याची आयएमएस ही व्यवस्था मोठमोठ्या बँकांत व विमा कंपन्यांत आजही चालू आहे. अमेरिकेच्या चंद्रयात्रेसाठीं लागणाऱ्या लक्षावधि सुट्या भागांची याद ठेवण्याकरितां आयबीएम कंपनीनें रॉकवेल व कॅटरपिलर यांच्या साह्यानें ती १९६६ पासून रचिली. १९६८ च्या ऑगस्टांत ती प्रथम सज्ज झाली. (त्याच वर्षीं मुंबईस टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा आरंभ झाला.)

तिची रचना वंशावळीसारखी आहे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांस ती लवकर उमगेल. कुळाखालीं पिता, पित्याखालीं पुत्र, पुत्राखालीं नातू. शाखेकडे जावयाचें तें मुळापासून, आणि प्रत्येक नोंदीस वरचा धनी एकच. वरची नोंद खोडली कीं खालच्या सर्व तिच्याबरोबर जातात.

आतां देऊळघाटची लेक चिखलीस नांदावयास गेली, तर तिची नोंद कोणत्या घराखालीं करावी? आपल्या बहुतेक वंशावळींनीं लेकीचें नांवच गाळून हा प्रश्न मिटविला! आयएमएस रचणारांसही हीच अडचण आली. त्यांनीं नोंद एका घरीं ठेवून दुसऱ्या घरांतून तिजकडे बोट दाखविणारी खूण ठेवण्याची सोय केली. पुढें १९७० मध्यें एडगर कॉड यांनीं कोष्टकांची निराळी पद्धति मांडली. आज सर्वत्र तीच शिकवितात. पण ती कोणत्या अडचणीवर तोडगा आहे हें न सांगतां शिकविणें म्हणजे रोग न पाहतां औषध पाठ करणें होय.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. बाप बुलढाण्याच्या बँकेतून मुलाची फी पुण्यास पाठवितो. त्याच्या खात्यांतून रक्कम वजा झाली आणि वर्गाच्या खात्यांत जमा होण्यापूर्वींच यंत्र बंद पडलें, तर? या दोन नोंदी मिळून एक व्यवहार. तो झाला तर पुरता, नाहीं तर मुळींच नाहीं. म्हणून प्रत्येक बदलाची नोंद यंत्र आधीं रोजनाम्यांत पक्की करतें. पुनः सुरू झाल्यावर तो रोजनामा वाचून अर्धवट राहिलेलें काम मागें फिरवितें. आपल्या दुकानदारांची रोजकीर्द व खतावणी यांचा संबंध जवळजवळ असाच आहे.

मी ज्या वर्गांत शिकलों, तेथें यांतील एकही गोष्ट कोणीं सांगितली नाहीं. 'गेट युनिक', 'गेट नेक्स्ट' अशा आज्ञा फळ्यावर लिहिल्या गेल्या, आम्हीं त्या उतरून घेतल्या आणि प्रमाणपत्रें मिळालीं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यांत मीं एका ग्राहकाची वरची नोंद काढली. पाहतों तों त्याखालचा सारा हिशेब नाहींसा! सुदैवानें तो चांचणीसाठीं ठेविलेला संच होता. त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

हातास संवय घरींही लागते. आयबीएमच्या झेड एक्सप्लोर या विनामूल्य अभ्यासक्रमांत दूर बसून खऱ्या मेनफ्रेमवर काम करतां येतें. हर्क्युलीस नांवाचें साधन साध्या संगणकाकडून मेनफ्रेमचें सोंग वठवून घेतें. आयएमएस त्याबरोबर मिळत नाहीं, तरी कोबोलचा सराव होतो. हें दोन महिने केल्यावर मुलाची गोडी टिकली, तर मग पुण्याचा विचार करावा.

आणि फी भरण्यापूर्वीं पालकांनीं वर्गचालकांस विचारावें: खऱ्या यंत्रावर मुलाचे हात किती तास पडतील? व्यवहार मध्येंच तुटला तर तो मागें कसा फिरतो, हें करून दाखवाल काय? "तें पुढें पाहूं" असें उत्तर आलें, तर पैसे घेऊन संध्याकाळच्या गाडीनें परत यावें.