घड्याळाच्या पट्ट्याखालचा इसब

मनगटावर पट्ट्याच्या मापाचा लालसर, खाजरा चट्टा उठला की बहुतेक लोक त्याला नायटा समजतात. दुकानातून स्टेरॉईडमिश्रित मलम आणले जाते. चार दिवस आराम पडतो, मग खाज पुन्हा सुरू. पट्टा मात्र मनगटावरच असतो!

बाजारातले बहुतांश चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमवायला कित्येक दिवस जातात. क्रोमियमने ते काम झटपट होते. यातले क्रोमियम 'तीन' प्रकारचे असते आणि त्वचेला सहसा बाधत नाही. पण उष्णता, ऊन आणि चामड्यात मुरवलेल्या तेलांवर होणारी हवेची प्रक्रिया यांमुळे त्याचा थोडा भाग 'सहा' प्रकारात बदलू शकतो. हा प्रकार घामात विरघळतो, त्वचेत सहज शिरतो आणि ॲलर्जी निर्माण करतो. एकदा जडलेली ही ॲलर्जी बहुधा वर्षानुवर्षे सुटत नाही. गवंड्यांच्या हातांवर सिमेंटमुळे उठणाऱ्या इसबामागेही अनेकदा हेच क्रोमियम असते. अशा माणसाला मग चामड्याची चप्पलही सोसत नाही.

अर्थात, बहुसंख्य लोक आयुष्यभर चामड्याचा पट्टा वापरतात आणि त्यांना काहीही होत नाही. पण ज्याला होते, त्याला वस्तू पाहून किंवा हुंगून काही कळण्याची सोय नाही. त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत किलोमागे ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक क्रोमियम-सहा असेल, तर युरोपीय संघात १ मे २०१५ पासून ती विकायला आणता येत नाही. भारतातून तिकडे जाणाऱ्या मालालाही ही अट पाळावी लागते. इथल्या दुकानातल्या पट्ट्यावर मात्र बहुधा 'जेन्युईन लेदर' एवढेच छापलेले असते. परदेशी मनगटाला एक न्याय आणि देशी मनगटाला दुसरा, हे पटण्यासारखे नाही. चामडे कशाने कमावले आणि त्याची क्रोमियम-तपासणी झाली का, या दोन ओळी छापायला जागा कितीशी लागते?

चट्टा फक्त बकलाखाली असेल तर संशय निकेलवर घ्यावा. खात्रीसाठी त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या ४८ तास चिकटवतात आणि काढल्यावर, पुन्हा एक-दोन दिवसांनी, त्वचा पाहतात. तोवर घड्याळाला सुती कापडाचा पट्टा लावावा, मनाने मलम लावू नये. खरोखर नायटा असेल तर स्टेरॉईडने तो पसरतो. तपासणीला जाताना संशयित पट्टा, कंबरेचा बेल्ट, चप्पलही सोबत न्यावी.