थकवा वाचणारा डॉक्टर

शर्यत संपवणाऱ्या धावपटूच्या चेहऱ्याकडे आपण क्षणभर बघतो आणि लगेच निकालाकडे वळतो. डॉ. रॉबर्ट टेट मॅकेन्झी त्या चेहऱ्यापाशीच थांबले. माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात ते शरीररचनाशास्त्र शिकवत आणि विद्यार्थ्यांच्या व्यायामाचीही जबाबदारी सांभाळत. जिवाच्या आकांताने लावलेला जोर, मग धाप, मग थकवा आणि शेवटी पार गळून जाणं, या चार अवस्थांत कपाळ, पापण्या, ओठ कसे बदलत जातात, हे त्यांनी चार मुखवट्यांत घडवलं. शिल्पकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. शिकवायचं ते डोळ्यांना दिसलं पाहिजे, या गरजेतून त्यांनी माती हातात घेतली.

जन्म 1867 चा, ऑन्टारिओतल्या आल्मॉन्टजवळचा. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ त्याच भागातले आणि त्यांचे जुने मित्र. 1904 मध्ये मॅकेन्झी फिलाडेल्फियाला पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. अडथळा ओलांडणाऱ्या तीन धावपटूंचं त्यांचं गोल उठावशिल्प 1912 च्या ऑलिम्पिकच्या वेळी स्टॉकहोमच्या स्टेडियमला लाभलं. पुढे 1932 मध्ये, ऑलिम्पिकमध्ये कलेच्याही स्पर्धा होत असताना, त्यांना कांस्यपदक मिळालं.

मला मात्र त्यांचं मोठेपण स्टेडियमबाहेर दिसतं. पहिल्या महायुद्धात, 1915 साली ते ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. जखम भरलेली, पण गुडघा वाकत नाही, मूठ मिटत नाही, असे असंख्य सैनिक तेव्हा अधांतरी होते. इस्पितळाच्या लेखी ते बरे झालेले, पलटणीच्या लेखी निकामी. अशांसाठी उभारलेल्या छावण्यांत मॅकेन्झींनी शेक, मालीश आणि बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम यांची घडी बसवली. बोटं, मनगट, घोटा यांच्यासाठी साधी उपकरणं आखली. रुग्णाने स्वतः जोर लावून स्नायूला पुन्हा कामाला लावायचं, यावर त्यांचा भर होता. जोर कुठे संपतो आणि थकवा कुठे सुरू होतो, हे ज्याने मातीत घडवून पाहिलं, त्याला रुग्णाला कुठवर ताणायचं हे कळणारच, असं मला वाटतं. हा अनुभव त्यांनी 1918 च्या ‘रिक्लेमिंग द मेम्ड’ या पुस्तकात मांडला. आजच्या फिजिओथेरपीच्या पायाभरणीत त्याला मानाचं स्थान आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते. त्यांच्या गाजलेल्या युद्धस्मारकांत, केंब्रिजच्या घरी परतणाऱ्या सैनिकात काय किंवा एडिंबरामध्ये किल्ल्याकडे पाहत बसलेल्या स्कॉटिश जवानात काय, शरीर धडधाकट, देखणं आहे. स्मारकाला तेच हवं होतं, हे मान्य. तरी ज्या लंगडणाऱ्या, आखडलेल्या माणसांसाठी या डॉक्टरने दिवस घालवले, त्यांच्यातला एखादा त्या चौथऱ्यांवर यायला हवा होता.

म्हणून त्यांचा वारसा मी पुतळ्यांपेक्षा उपचारांत जास्त मोठा मानतो. आपल्याकडे प्लास्टर निघालं की दुखणं संपलं असं धरतात. पक्षाघात झालेल्या माणसाला तर मायेपोटी हातही हलवू देत नाहीत, घास भरवतात. वाचकहो, घरात असं कुणी असेल तर फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम एक दिवसही चुकू देऊ नका, आणि तो त्यांचा त्यांना करू द्या.