मेलेल्या माकडाची नोंद झालीच पाहिजे!

दोडामार्ग, सावंतवाडी आणि सत्तरी तालुक्यांतील काजू बागायतदार, मजूर, गुराखी व ग्रामसभा सदस्यांना जाहीर आवाहन



रानात मेलेले माकड दिसले की कुणी नाक दाबून पुढे जातो. कुणी हात जोडून त्याला पुरतो. कुणी बागेची नासाडी करणारा एक कमी झाला म्हणून सुटकेचा श्वास टाकतो. त्याच दिवशी खबर देणारा मात्र विरळा. माकडतापाच्या मुलखात ही खबरच माणसाचा जीव वाचवू शकते, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी रुग्णांचे रक्त, मेलेली माकडे आणि गोचिडी तपासल्या व माकडतापाचा नवा विषाणू शोधून काढला. पुढची कित्येक दशके हा रोग कर्नाटकातच राहिला. मग २०१२-१३ मध्ये तो बंदीपूर, नीलगिरी आणि वायनाडपर्यंत पोहोचला, २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात आला आणि २०१६ मध्ये दोडामार्गात. मागोमाग बांदा परिसरानेही त्याची झळ सोसली. या रोगावर नेमके औषध नाही. कर्नाटकात वर्षानुवर्षे दिली गेलेली लस पुरेसे संरक्षण देत नाही म्हणून थांबवावी लागली. शंभर रुग्णांतले तीन ते पाच दगावतात. अशा रोगाशी लढताना आपल्या हातात सर्वात मोठे शस्त्र उरते ते वेळेचे, म्हणजे रोग माणसापर्यंत येण्याआधी त्याची चाहूल घेण्याचे.

ही चाहूल घेता येते, कारण या रोगाची वाट ठाऊक आहे. विषाणू गोचिडीत असतो. पावसाळा सरला की गोचिडीची पिल्ले वाढू लागतात, आणि साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत अर्धवट वाढीच्या, तिळाएवढ्या गोचिडी पाचोळ्यात रक्ताच्या शोधात असतात. त्या चावल्याचे बहुतेकांना कळतही नाही. माकडाला लागण झाली की ते मरते. मेलेले अंग थंड पडले की त्याच्यावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तेवढी जागा विषारी होऊन बसते. म्हणूनच माकड मेलेल्या जागेभोवती सुमारे ५० मीटर परिसरात कीटकनाशक भुकटी धुरळायची आणि तिथे माणसांना जाऊ द्यायचे नाही, असा नियम आहे. आता आपले पंचांग पाहा. पातेरा गोळा करायचा, लाकूडफाटा आणायचा, काजू बी वेचायची ती याच महिन्यांत. गोचीड चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत ताप चढतो. त्या जागेची खबर आज लागली तर उद्या तिथे जाणारी बाई वाचते. पंधरा दिवसांनी लागली तर ती तोवर रुग्णालयात असते.

आता व्यवस्थेकडे वळू. देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो. त्याचे तीन मुख्य नमुने आहेत: 'एस' आरोग्यसेवकाने भरायचा, 'पी' डॉक्टरने आणि 'एल' प्रयोगशाळेने. तिन्ही सुरू होतात ते आजारी माणसापासून. माणूस तापाने पडेपर्यंत त्या कागदांवर काहीच उमटत नाही. माकड वनखात्याचे, गुरे पशुसंवर्धनाची, माणूस आरोग्य खात्याचा, अशी वाटणी झाली आहे, आणि विषाणू तर या तिघांतून फिरतो. आमचा आक्षेप इथे आहे. पहिला रुग्ण हाच पहिला इशारा मानणारी व्यवस्था काजूच्या बागेत राबणाऱ्या मजुराच्या शरीराचा धोक्याची घंटा म्हणून वापर करते. हे आम्हाला मान्य नाही. ती घंटा आधी रानात वाजलेली असते. ती ऐकायला माणसे नेमा.

प्राण्यांच्या मरणातून साथ ओळखणे आपल्या लोकांना नवे नाही. प्लेगच्या काळात घरात उंदीर पडू लागले की गावे माळावर जाऊन राहत. ते शहाणपण पिढ्यांच्या दुःखातून आले होते. तरी १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडले, पिसवांचा त्रास सुरू झाला आणि सप्टेंबरमध्ये तिथे गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले. इशारा माणसांच्या आधी आला होता.

केनियाचा धडा त्याहून कडू आहे. २००६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी समुद्राचे तापमान, पाऊस आणि उपग्रहातून दिसणारी हिरवळ यांवरून पूर्व आफ्रिकेत जनावरांतून माणसांत येणाऱ्या रिफ्ट व्हॅली तापाची साथ येईल, असे सांगितले. डिसेंबरमध्ये ती आलीच. जनावरांचे लसीकरण आधीच जोरात व्हायला हवे होते, ते साथ भडकल्यावर झाले. केनियात दीडशेवर माणसे गेली. भाकीत अचूक होते, पण त्यामागे हालचाल नव्हती. म्हणून आम्ही केवळ यंत्रे आणि प्रयोगशाळा मागत नाही. इशारा मिळाल्यावर कोणी, किती तासांत, काय करायचे, हेही लिहून मागतो.

कोणी म्हणतील, माकडे विजेच्या तारांवर मरतात, कुत्री मारतात, गाडीखाली येतात. प्रत्येक मरणाला साथ कशी म्हणायची? म्हणूच नका, तपासा. आणि एका माकडाचा अहवाल निर्दोष आला म्हणून रानही निर्दोष ठरवू नका. कोणी म्हणतील, मग माकडेच संपवा. बागायतदाराचा संताप आम्हाला कळतो, त्याचे नुकसान खरे आहे आणि त्याची भरपाई मिळालीच पाहिजे. पण माकड या रोगाचा पहिला बळी आहे. ते संपवले तर गोचीड राहील, रानातल्या उंदीर-चिचुंद्र्यांत विषाणू राहील, आणि आपल्याला सावध करणारे कोणी राहणार नाही.

आमच्या मागण्या:

१. माकड मेल्याची खबर देण्यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर एकच दूरध्वनी क्रमांक असावा. खबर मिळाल्यापासून २४ तासांत प्रशिक्षित पथक पोहोचावे. खबर देणाऱ्याला चौकशीच्या फेऱ्यांत अडकवू नये.

२. नोव्हेंबरपासून दरमहा, पांढरे फडके जमिनीवरून ओढून गोचिडी गोळा कराव्यात, त्या तपासाव्यात आणि निकाल तारखेसह गावात लावावा.

३. वन, पशुसंवर्धन आणि आरोग्य या तिन्ही खात्यांची एकच नोंदवही असावी. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांनी ती एकमेकांना दर आठवड्याला दाखवावी. तिळारीचे रान राज्यांची हद्द पाळत नाही.

४. धोक्याची जागा बंद केल्यास तेवढ्या दिवसांची मजुरी आणि बागायतदाराचे नुकसान भरून द्यावे. पोट मारून कोणी खबर देणार नाही. गोचीड दूर ठेवणारे तेल हंगामाच्या आधी घरोघर पोहोचावे.

नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी २०२२ मध्ये झाली. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकच आहे, हे 'वन हेल्थ'चे तत्त्व सरकारने स्वीकारले आहे. ते आमच्या वाडीपर्यंत आणा, एवढेच आमचे म्हणणे.

आणि आपण स्वतः काय करायचे? मेलेल्या माकडाला हात लावू नका, पुरू नका, जाळू नका. खबर द्या आणि खबर दिल्याची तारीख लिहून ठेवा. रानातून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे धुवा, अंगावर गोचीड आहे का पाहा. अचानक जोराचा ताप, डोके व अंग ठणकणे, नाका-हिरड्यांतून रक्त येणे, यांपैकी काही दिसले तर लगेच आरोग्य केंद्रात जा आणि रानात गेलो होतो हे आवर्जून सांगा.

महाराष्ट्रात २ ऑक्टोबरची ग्रामसभा माकडतापाच्या हंगामाआधी येते. त्या दिवशी घरी बसू नका. गेल्या हंगामात किती माकडे मेली, किती तपासली आणि निकाल कधी आला, हे तीन प्रश्न उभे राहून विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि वरच्या चार मागण्यांचा ठराव मंजूर करूनच उठा. सत्तरीतल्या बांधवांनीही आपल्या पंचायतीच्या ग्रामसभेत हेच करावे.