रद्दीत गेलेले आकाश



इंदूरच्या राजवाड्याजवळ खजुरी बाजार आहे. शाळा उघडण्याच्या सुमारास तेथे पालकांची झुंबड उडते. तेथील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात परवा आम्ही एक ग्रंथ शोधीत होतो. दुकानदाराने ग्रंथाचे नाव विचारले, आणि आम्ही निरुत्तर झालो.

त्याचे असे झाले. आमच्या वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या पंचांगांखाली एक मराठी पुस्तक होते. चंद्रावरील डोंगर, गुरूचे उपग्रह, शनीचे कडे यांची चित्रे त्यात होती. पहिले पान मात्र गळाले होते. एका नाताळापूर्वी घराला चुना लावताना पेटी रिकामी केली आणि ते पुस्तक आमच्याच हाताने रद्दीवाल्याच्या तराजूत पडले. कर्ता कोण, साल कोणते, काहीच आम्ही पाहून ठेवले नव्हते. जे नावानिशी ठाऊक नाही, ते शोधावे तरी कसे?

दुर्बिणीच्या आरंभकाळातील ग्रंथ जमविणारे लोक जगभर आहेत. त्यांच्या लेखी अग्रमान आहे तो गॅलिलिओच्या ‘नक्षत्रदूत’ या अर्थाच्या लॅटिन पुस्तकाला. १६१० च्या मार्चमध्ये ते व्हेनिस येथे छापले गेले, तेव्हा सुमारे ५५० प्रती निघाल्या होत्या. गुरूभोवती चार चंद्र फिरतात, ही वार्ता जगाला त्या लहानशा पुस्तकानेच दिली.

वाचक म्हणतील, व्हेनिस कोठे आणि आम्ही कोठे! पण हा इतिहास आपल्या अंगणातूनही गेला आहे. १६१८ साली चीनला निघालेले काही येशूसंघीय धर्मगुरू गोव्यास उतरले. त्यांतील फादर किर्विट्झर यांनी त्या वर्षअखेरीस दिसलेले धूमकेतू तेथून पाहिले, आणि १६२० मध्ये त्यांच्या निरीक्षणांचे पुस्तक जर्मनीत छापले गेले. हिंदुस्थानात दुर्बिणीने आकाश पाहिल्याची सर्वांत जुनी नोंद हीच, असे अभ्यासक मानतात. पुढे १६८९ च्या डिसेंबरात फादर रिशो यांना पाँडिचेरी येथे धूमकेतू पाहताना दक्षिणेकडील एक तेजस्वी तारा दुर्बिणीतून जोडतारा असल्याचे आढळले.

आमच्या माळव्याचाही यात वाटा आहे. येथून पंचावन्न किलोमीटरवर उज्जैन येथे सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे. या राजाने फादर फिगेरेदो यांच्यासमवेत पोर्तुगालला माणसे धाडली. त्यांनी आणलेली ला हीर यांची कोष्टके त्याने वेधांशी ताडून पाहिली व चंद्राच्या स्थानातील चूक दाखविली. छापील ग्रंथापुढे त्याने नुसती मान तुकविली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे भोपाळच्या वाटेवरील सिहोर येथे, विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पाठशाळेत, सुबाजी बापू नामक पंडितांनी ‘शिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ सिद्ध केला. पुराणे, सिद्धांत आणि कोपर्निकस यांची मते त्यांनी शेजारी शेजारी मांडली. तो ग्रंथ १८३६ सालचा.

या सालाशी आम्ही थबकतो. कोपर्निकसचा ग्रंथ १६१६ साली दुरुस्त्या होईपर्यंत वाचण्यास मनाई झाली. १६३३ साली गॅलिलिओला दोषी ठरविण्यात आले. निषिद्ध ग्रंथांच्या रोमच्या यादीतून ही नावे वगळली गेली ती १८३५ साली. म्हणजे रोमने ती नावे पुसली आणि पुढच्याच वर्षी माळव्यात मराठीतून तो विचार मांडला गेला! पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली गॅलिलिओच्या न्यायाधीशांची चूक मान्य केली. ती वाचताना आम्हांस लाज वाटत नाही असे नाही. पण चूक लपवून विश्वास बळकट होत नाही, हेही तेच जुने ग्रंथ शिकवितात.

जेथे मोल आले, तेथे लबाडीही येते. २००५ साली न्यूयॉर्कमध्ये ‘नक्षत्रदूता’ची एक प्रत विक्रीस आली. तीत चंद्राची रंगविलेली चित्रे होती. ती खुद्द गॅलिलिओच्या हातची, असा निर्वाळा नामवंत पंडितांनी दिला. २०१२ साली इतिहासकार निक विल्डिंग यांनी ती प्रत बनावट असल्याचे दाखवून दिले. छपाईचे ठसे आणि शिक्का अस्सल प्रतींशी ताडले, तेव्हा खोटे उघडे पडले. अस्सल प्रती कोणी तरी जपल्या होत्या, म्हणूनच हे शक्य झाले.

आपल्या घरी व्हेनिसचा ग्रंथ सापडणार नाही. पण आजोबांचे पाठ्यपुस्तक, जुने पंचांग, जीर्ण प्रार्थनापुस्तक सापडेल. यंदा घर झाडताना पेटी उपडी करण्यापूर्वी क्षणभर थांबा. पहिले पान पाहा. नाव, कर्ता, छापखाना व साल एका वहीत उतरवून घ्या. कडुनिंबाची वाळलेली पाने घालून पुस्तक कोरड्या जागी ठेवा. जपणे शक्य नसेल, तर आधी शाळेतील गुरुजींना किंवा ग्रंथालयास दाखवा. तराजू शेवटी.

आम्ही अजूनही खजुरी बाजारात जातो. दुकानदार आता नाव विचारीत नाही. तो हसून बाजूला सरकतो, आणि आम्ही पहिले पान नसलेली पुस्तके चाळीत बसतो.